वायरी बांधा, पण सोडता येतील अशा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत टीव्हीमागचा वायरींचा गुंता कसा आवरावा, यावर छोटा मजकूर आला होता. शंभर केबल टायचे (वायरी बांधायच्या दातेरी नायलॉन पट्ट्यांचे) पाकीट आणा, वायरी एकत्र करा, टाय ओढा, शेपूट कापा, एवढाच त्याचा सार. कारखान्यातल्या पॅनेलला हा सल्ला ठीक आहे, कारण तिथली वायर एकदा बसली की वर्षानुवर्षे हलत नाही. मराठवाड्यातल्या घराचे तसे नसते. होळी झाली की कूलर बाहेर निघतो आणि मृगाचे चार पाऊस पडले की परत पत्र्याखाली जातो. महालक्ष्म्यांची आरास, दिवाळीच्या माळा, थंडीत बादलीत सोडायचा हीटर, हे सगळे येते आणि जाते. वीज गेली की राऊटरची पिन काढून इन्व्हर्टरच्या बोर्डात खोचायची, हे तर रोजचेच. अशा घरात एकदाच बसणारा टाय म्हणजे दर दोन महिन्यांनी कापायचा टाय.

आणि नुकसान होते ते कापतानाच. टाय घट्ट बसलेला असतो, म्हणून कात्रीचे टोक त्याच्याखाली घुसवावे लागते आणि ते वायरीच्या वेष्टणावर घासते. मिक्सरच्या गोल वायरीला दोन वेष्टणे असतात. बाहेरच्याला ओरखडा गेला तरी आतले शाबूत राहते. दिवाळीच्या माळेची वायर एकेरी वेष्टणाची असते. तिथे कात्री घसरली की तांबे उघडे पडलेच, आणि ती माळ पुढच्या वर्षी ओल्या गॅलरीत लोखंडी ग्रिलला टांगली जाते. साधा टाय काढायचाच असेल तर कात्री बाजूला ठेवा. टायच्या डोक्यात एक बारीक जीभ असते, तिच्याच दातांत पट्टी अडकते. शेपटाच्या बाजूने त्या फटीत टाचणी सरकवून जीभ किंचित उचलली की पट्टी मागे सरकते. पट्टीला आधी अर्धा मिलिमीटर आणखी आत ढकलावे, म्हणजे दातांवरचा ताण सुटतो आणि जीभ सहज उचलते. टाय शाबूत राहतो आणि दोन-तीनदा परत वापरता येतो. शेपूट कापायचे असल्यास सुरीने नको, नेलकटरने डोक्याला लागून कापावे. सुरीने कापलेले तिरपे टोक पात्यासारखे धारदार राहते, आणि टीव्हीमागे हात घालणाऱ्याला ते दिसत नाही.

यापेक्षा सरळ मार्ग म्हणजे मुळातच सुटणारा टाय घेणे. इलेक्ट्रिकलच्या दुकानात ‘रिलीजेबल टाय’ म्हणून मागावा. नुसते ‘टाय द्या’ म्हटले की नेहमीचाच हातात पडतो. फरक डोक्याकडे पाहिले की कळतो: सुटणाऱ्या टायच्या डोक्याबाहेर नखाने दाबता येईल असा कान निघालेला असतो. तो दाबून धरायचा आणि पट्टी मागे ओढायची. घरच्या कामाला २०० मिलिमीटर लांब आणि ४.८ किंवा ७.६ मिलिमीटर रुंद टाय पुरतो. २०० मिलिमीटरचा टाय सुमारे पाच सेंटिमीटर जाडीच्या जुडग्यापर्यंत जातो. पाकीट घेण्यापूर्वी एक टाय दुकानातच दहा वेळा लावून सोडून पाहावा. कानाच्या मुळाशी पांढरी रेघ उमटली तर तिथे प्लास्टिक थकले आहे, तो कान उन्हाळ्यात तुटणार.

उन्हाळ्याचा उल्लेख मुद्दाम केला. केबल टाय नायलॉनचा असतो आणि नायलॉन हवेतला ओलावा शोषून लवचीक राहते. हवा बेताची दमट असेल तेव्हा त्यात वजनाच्या सुमारे अडीच टक्के पाणी मुरलेले असते. एप्रिल-मेमध्ये परभणी, नांदेड, बीडकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो आणि दुपारची हवा लाहीसारखी कोरडी होते, तेव्हा हे पाणी उडते. मग नवा कोरा टायसुद्धा ओढताच कट्कन तुटतो आणि लोक दुकानदाराला शिव्या घालतात. माल खराब असेलही, पण पुष्कळदा तो नुसता वाळलेला असतो. असे टाय रात्रभर कोमट पाण्यात टाकून ठेवले की दुसऱ्या दिवशी बरेच माणसाळतात. पाकीट उघडल्यावर पिशवीचे तोंड बंद ठेवावे. पत्र्याच्या खोलीत खिडकीजवळ टांगून ठेवू नये. पांढरा टाय तर उन्हात लावूच नये, कारण ऊन त्याचे धागे आतून तोडते. गच्चीवर किंवा डिशच्या दांड्यावर काळाच टाय लागतो. त्यातला काजळीसारखा कार्बन ऊन अडवतो. तिथे सुटणारा टाय शोधण्याचेही कारण नाही, ती वायर वर्षात एकदाही हलत नाही.

घराच्या आत मात्र माझे मत वेल्क्रोच्या बाजूने आहे. आघाड्याच्या झुडपाजवळून गेले की धोतराला, लुगड्याला बी चिकटते, तोच हा प्रकार. जॉर्ज द मेस्त्राल या स्विस अभियंत्याने १९४१ मध्ये कुत्र्याच्या केसांत अडकलेली अशीच काटेरी फळे पाहून आकडा आणि फासा यांची ही जोडी कल्पिली आणि १९५५ मध्ये तिचे पेटंट घेतले. केबल टायचे मूळ वेगळे. १९५८ मध्ये तो आला विमानातल्या वायरींच्या जुड्या बांधायला. पहिला उघडझाप करायला जन्मला, दुसरा कायमचा बसायला. घरात कोणता शोभतो हे त्यांच्या जन्मावरूनच कळावे.

वेल्क्रो दोन प्रकारे मिळतो. नेटवर्किंगचे आणि सीसीटीव्हीचे सामान विकणाऱ्यांकडे ‘बॅक टू बॅक’ रोल असतो: एका बाजूला आकडे, दुसऱ्या बाजूला फासे, रुंदी १० ते २० मिलिमीटर. हवा तेवढा तुकडा कापायचा आणि स्वतःवरच गुंडाळायचा. छत्रपती संभाजीनगरात पैठण गेट-गुलमंडीकडे फेरी मारणाऱ्याला किंवा लातुरात गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांपैकी तीन-चार पालथे घालणाऱ्याला हा मिळून जातो. तालुक्याच्या गावी दुकानदार ‘असले काही नसते’ म्हणाला तर वाद घालू नये, सरळ टेलरिंग मटेरियल किंवा कटलरीच्या दुकानात जावे. तिथे मीटरवर मिळणारी, पर्सला आणि चपलेला लावायची २० किंवा २५ मिलिमीटर रुंदीची पट्टी असते. खरखरीत आणि मऊ या दोन्ही पट्ट्या मागाव्यात. नाहीतर घरी येऊन मऊला मऊ चिकटवत बसावे लागते. मागे गोंद लावलेली पट्टी घेऊ नये. तो गोंद उन्हाळ्यात पातळ होऊन सरकतो, वायरीला लागतो आणि मग त्यावर धूळ बसून काळी लापशी होते. इन्सुलेशन टेपने जुडगे गुंडाळणाऱ्यांना ही लापशी चांगली परिचयाची असेल.

वेल्क्रोची पारख सोपी आहे. दोन्ही पट्ट्यांची तीन सेंटिमीटर भाग एकमेकांवर येईल अशी घडी जोडावी आणि तिला एक लिटर पाण्याची भरलेली बाटली टांगावी. चांगली पट्टी हे वजन विनातक्रार धरते. सरकली तर माल नुसता दिसायला. ओढताना मात्र दिशा ध्यानात ठेवावी. वेल्क्रो पृष्ठभागाच्या रेषेत ओढला तर दाद देत नाही, टोक धरून सोलला तर एका बोटाने सुटतो. जुडगे आतून फुगत असेल आणि पट्टीचे टोक नेमके फुगवट्यावर येत असेल, तर ते रोज थोडे थोडे सोलले जाते आणि आठवड्याने पट्टी फरशीवर पडलेली दिसते. उपाय एवढाच, की टोक चपट्या बाजूला आणावे आणि एकमेकांवर येणारा भाग चार सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवू नये.

टेलरच्या पट्टीपासून टाय करायला शिलाई मशीनवर पाच मिनिटे लागतात. मऊ पट्टीचा १८ सेंटिमीटरचा तुकडा घ्या, खरखरीत पट्टीचा ४ सेंटिमीटरचा. मऊ तुकडा फासे वर येतील असा ठेवा आणि त्याच्या एका टोकाला, खालच्या म्हणजे पाठीच्या बाजूने, खरखरीत तुकडा आकडे बाहेर येतील असा चारही कडांनी शिवा. गुंडाळताना पाठ वायरीला लागते, फासे बाहेर राहतात आणि शेवटचे खरखरीत टोक त्या फाशांवर येऊन बसते. बहुतेकांची चूक इथेच होते. दोन्ही पट्ट्या एकाच बाजूला शिवल्या जातात, आणि मग पट्टी गुंडाळता येत नाही, नुसती दुमडता येते.

दुसऱ्या टोकापासून दोन सेंटिमीटर आत एक उभी फट पाडली तर टाय कायमचा त्या वायरीचा होतो. फट पट्टीच्या लांबीच्या दिशेने असावी आणि पट्टीच्या रुंदीपेक्षा किंचित मोठी, म्हणजे दुसरे टोक त्यातून जाईल.  फटीच्या कडा उसवू नयेत म्हणून जळत्या अगरबत्तीचे टोक त्यावरून हलकेच फिरवावे. नायलॉन वितळून कड बंद होते. काडेपेटीची ज्योत नको, ती पट्टीचे फासेही जाळते. आता खरखरीत टोक वायरीभोवती घेऊन फटीतून ओढून घट्ट करायचे. वायर सोडली तरी टाय तिलाच लटकलेला राहतो. सुट्या पट्ट्यांचे आयुष्य फार थोडे असते. लेकरं त्यांची घड्याळे करतात.

माप काढायला टेप लागत नाही. जुडग्याभोवती दोरा गुंडाळून तो मोजायचा आणि त्यात चार सेंटिमीटर मिळवायचे. मिक्सरची वायर घडी घालून तीन सेंटिमीटर जाड होत असेल तर घेर साडेनऊ, म्हणजे साडेतेराची गरज, पट्टी पंधराची. पाच सेंटिमीटर जाड जुडग्याला वीसची. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्या घराचा हिशेब साधारण असा बसतो: टीव्हीला चार, राऊटरला दोन, कॉम्प्युटर असल्यास तीन, स्वयंपाकघरात तीन, कूलर-पंख्याला दोन, चार्जरला चार, हाताशी दोन. वीस पट्ट्या, सरासरी अठरा सेंटिमीटर, म्हणजे तीन मीटर साठ. चार मीटर घ्यावी.

वेल्क्रोचा एक शत्रू मात्र आपल्या भागात घरोघरी आहे. दिवाळीनंतर वेचणीचा कापूस भाव येईपर्यंत कित्येक घरांत पुढच्या खोलीतच रचलेला असतो. त्याची तंतू-तंतू लव हवेत तरंगते आणि वेल्क्रोचे आकडे ती आघाड्यापेक्षाही आवडीने धरतात. महिनाभरात खरखरीत बाजू हाताला मऊ लागली की समजावे, ती भरली. बारीक दातांच्या कंगव्याने किंवा टाचणीने तंतू उपसून काढले की पट्टी पूर्ववत होते. कापड खरखरीत बाजूवर घासून काही होत नाही, उलट त्याचे धागे आत जातात. अशा खोलीत वेल्क्रो न वापरता टिचबटणाची पट्टी वापरणे बरे. जुन्या जीन्सची दुहेरी शिवण कापून घ्यावी, ती उसवत नाही; एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दीड-दीड सेंटिमीटरवर दोन-तीन टिचबटणे शिंप्याकडून बसवून घ्यावीत, म्हणजे माप कमीजास्त करता येते. (आणि त्या खोलीतला एक्स्टेंशन बोर्ड कापसाच्या ढिगाला टेकलेला असेल तर हे पत्र वाचून होण्याआधी उठून तो हलवावा. सैल सॉकेटमधली एक ठिणगी पुरते.)

कूलरजवळची गोष्ट आणखी वेगळी. बोअरचे पाणी क्षारांचे. ते उडून वेल्क्रोवर वाळले की आकड्यांमध्ये पांढरा चुना धरतो आणि पट्टी पुठ्ठ्यासारखी ताठ होते. सुती नाडी तिथे ओली राहते. म्हणून कूलरला सिलिकॉनची पट्टी किंवा सुटणारा नायलॉन टाय. सिलिकॉनच्या पट्ट्या मोबाइलच्या सुट्या सामानाच्या दुकानात मिळतात, उन्हाला आणि पाण्याला दबत नाहीत. कूलरची वायर बोर्डाकडे नेताना ती सॉकेटच्या खाली वीतभर उतरवून मग वर चढवावी आणि त्या वळणावर टाय लावावा. वायरीवरून घरंगळणारे पाणी त्या वळणाच्या तळाशी ठिबकते, सॉकेटमध्ये शिरत नाही. वायर वरून तिरकी खाली सॉकेटात येत असेल तर ती पाण्याची पन्हाळच झाली. टायने हे वळण टिकवता येते. तीन पिनांचे अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) यांची जागा मात्र कोणताही टाय घेत नाही.

फुकटच्या उपायांत सायकलच्या जुन्या ट्यूबचे रिंग उत्तम. एक सेंटिमीटर रुंदीचे काप कात्रीने काढावेत. साधा रबरबँड आपल्या उन्हाळ्यात एका मोसमात चिकट होऊन तुटतो, ट्यूबचे रबर कित्येक पट टिकते. दोष एकच, त्यातली काजळी पांढऱ्या वायरीवर काळा डाग पाडते आणि तो निघत नाही. पांढऱ्या वायरीला पायजम्याची सुती नाडी, सरकगाठ मारून. सुतळी कुसळे सोडते आणि ओली झाली की आखडते. बाइंडिंगची तार मात्र कुठेही, कधीही नको. गच्चीवर ती वाऱ्याने हलणाऱ्या वायरीचे वेष्टण करवतीसारखे कापते आणि मग दांड्यात करंट उतरतो.

आता ज्या मुद्द्यासाठी पत्र इतके लांबले तो. कोणती वायर बांधूच नये? ज्या वायरीतून मोठा भार जातो, ती वापरात असताना जुडग्यात ठेवू नये. हिशेब सांगतो. दहा मीटरची, एक चौरस मिलिमीटर तांब्याची एक्स्टेंशन. जाणारी आणि येणारी धरून वीस मीटर तांबे, त्याचा रोध सुमारे ०.३९ ओहम. तिच्यावर २००० वॅटची इंडक्शन शेगडी लावली तर २३० व्होल्टला ८.७ अँपिअर जातात. प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणले की वायरीतच जळणारी उष्णता येते साडेएकोणतीस वॅट. रेडिओ दुरुस्तीची सोल्डरिंगची इस्त्री पंचवीस वॅटची असते. ही उष्णता दहा मीटरवर पसरली तर मीटरमागे तीन वॅट, हात लावला तर जेमतेम कोमट लागते. तीच वायर मुठीएवढ्या जुडग्यात बांधून कपाटामागे टाकली की मधल्या वेढ्यांना थंड व्हायला वावच नाही. साध्या पीव्हीसी वेष्टणाची मर्यादा ७० अंश. खोलीच आधी चाळीसवर असते. वेष्टण मऊ पडते, वेढे एकमेकांत रुततात, आणि दोन तारा भेटतात.

काही जण म्हणतात, गुंडाळी केल्याने चुंबक तयार होतो म्हणून वायर तापते. तसे नाही. एकाच वायरीत जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांचे चुंबकत्व खोडतात. तापते ती निव्वळ अडकलेल्या उष्णतेने. म्हणूनच त्याच जुडग्यावर २०० वॅटचा कूलर चालवला तर काही होत नाही: प्रवाह दहावा हिस्सा, उष्णता शंभरावा हिस्सा, म्हणजे ०.३ वॅट. तेव्हा नियम असा लक्षात ठेवावा. टीव्ही, राऊटर, चार्जर, पंखा, कूलर यांच्या वायरी खुशाल बांधा. शेगडी, इस्त्री, हीटर, गिझर, पाण्याची मोटर यांच्या वायरी वापर संपल्यावर, गार झाल्यावर बांधा, आणि लावण्यापूर्वी पूर्ण सोडा. खरे तर यांतल्या निम्म्या वस्तू एक्स्टेंशनवर लागायलाच नकोत, पण भाड्याच्या खोलीत सोळा अँपिअरचे सॉकेट घरमालकाच्या मर्जीवर असते. इथे सुटणाऱ्या टायचे मोल कळते. कापायचा टाय असेल तर माणूस कंटाळा करतो आणि जुडगे तसेच ठेवून शेगडी पेटवतो.

इंटरनेटच्या वायरींचे दुखणे उष्णतेचे नसून दाबाचे असते. लॅन केबलच्या आत तारांच्या चार जोड्या ठरावीक पिळाने वळलेल्या असतात. नायलॉन टाय करकचून ओढला की तो पीळ दबतो आणि वेग घटतो. फायबरची पिवळी वा पांढरी बारीक केबल तर काचेची. तिला चिमटा बसला की प्रकाश तिथे बाहेर गळतो, राऊटरवर लाल दिवा लागतो आणि तक्रार कंपनीकडे जाते. उरलेली फायबर चहाच्या बशीएवढ्या गोलात ठेवावी, तीन सेंटिमीटरपेक्षा कमी त्रिज्येचे वळण देऊ नये, आणि वेल्क्रो इतका सैल असावा की बोटाने फिरवला तर केबलभोवती फिरला पाहिजे.

टीव्हीच्या कोपऱ्यात काम करताना पहिली वायर बांधण्याआधी सगळ्या पिना काढाव्यात आणि प्रत्येक अॅडॉप्टरवर मार्करने नाव लिहावे. राऊटर, सेट टॉप बॉक्स आणि सीसीटीव्हीच्या अॅडॉप्टरची गोल पिन पुष्कळदा एकाच मापाची असते, व्होल्ट मात्र एकाचे ९ तर दुसऱ्याचे १२. अदलाबदल झाली की नऊचा डबा बारावर जळतो. बारा व्होल्टच्या वायरीला लाल पट्टी, बाकीच्यांना काळी, एवढे केले तरी अंधारात चूक होत नाही. मग विजेच्या वायरी एका जुडग्यात आणि अँटेना, एचडीएमआय, लॅन दुसऱ्यात. डिशची जाड केबल टोकदार दुमडू नये, तिच्या आतली तार मधोमध राहिली तरच चित्र येते. दर वीतभरावर एक टाय पुरे. पिनेपासून चार बोटे जागा मोकळी सोडावी, कारण वायर नेहमी तिथेच तुटते जिथे ती हलते आणि घट्टही असते. चार्जर अॅडॉप्टरभोवती करकचून गुंडाळणाऱ्यांचे चार्जर त्याच कारणाने गळ्याशी मोडतात. पहिला वेढा सैल ठेवला की प्रश्न मिटतो. आणि जुडगे फरशीवर सोडू नये, टेबलाच्या पायाला वीतभर उंचीवर बांधावे. जमिनीवरचा वायरींचा ढीग उंदराला घर वाटतो, आणि पावसाळ्यात विंचवालाही.

लांब वायर गुंडाळताना हात-कोपर पद्धत सोडून द्यावी. दर वेढ्याला वायरीत एक पीळ पडतो, वीस वेढ्यांना वीस पीळ, आणि सोडताना ती सापासारखी उसळते. एक वेटोळे सरळ घ्यावे, पुढचे मनगट उलटे वळवून घ्यावे, पुन्हा सरळ. सरळचा पीळ उलट्याने सुटतो. ओढली की वायर गाठ न पडता जमिनीवर निजते.

इन्व्हर्टरजवळ नायलॉन आणि वेल्क्रो दोन्ही बॅटरीच्या टोकांपासून दूर ठेवावेत. बॅटरीतून उठणारा आम्लाचा वाफारा नायलॉन कुरतडतो, टाय पांढरट होऊन भुसभुशीत तुटतो. सौरपॅनेलच्या मागच्या वायरींना घरी हात लावू नये, तिथला डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) भर दुपारी चालूच असतो. मात्र त्या वायरी टायमधून सुटून तापल्या पत्र्यावर लोळताना दिसल्या तर बसवणाऱ्याला बोलावून स्टेनलेस स्टीलच्या क्लिपा लावून घ्याव्यात.

येत्या मृगात कूलर आत ठेवताना त्याची वायर कोरडी पुसून, सैल वेटोळे करून, सिलिकॉनच्या पट्टीने कूलरच्या वरच्या जाळीला टांगावी. टाकीत टाकून ठेवली की होळीपर्यंत पिनेला गंज चढतो.

आपला,
एक वायरमन,
परभणी